आवाज गाळून बोलणारी पोरं

धुरपदाबाईच्या पुढ्यात सूप होतं आणि सुपात कानबाईचे गहू. अर्धे निवडून झाले होते, अर्धे अजून पोत्याच्या तोंडाशी पडले होते. दुसऱ्या दिवशी श्रावणातला रविवार, कुळाची देवी कानबाई घरात बसायची होती. खानदेश सोडून सुरतेला आलं म्हणून कानबाई थोडीच सुटते? रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू निवडायचे ते डोक्यावरून न्हाऊन, उपाशीपोटी आणि तोंडातून वाकडा शब्द न काढता. यातली शेवटची अट धुरपदाबाईला दरसाल जड जाई.

बाई रागीटच होती. लिंबायतच्या त्या चाळीत तिच्या माघारी तिला ‘तापी’ म्हणत. अडुसष्टच्या पुरानंतर हे नाव पडलं. “चढायला लागली की कोणाच्या बापाला ऐकत नाही, आणि उतरली की घराघरात चिखल ठेवून जाते,” असं शेजारची मंगलाबाई म्हणे. पण हीच मंगलाबाई आणि तिच्यासारख्या बायका रोज सकाळी कांड्यांवर सूत भरायच्या कामाला जाताना आपापली पोरं सोडून जात त्या याच तापीच्या काठावर. धुरपदाबाई साऱ्यांची पोरं सांभाळी. न्हाऊ घाली, खाऊ घाली, भांडली की एकेकाला चापट देई आणि रडं थांबलं की तळहातावर गुळाचा खडा ठेवी. चापट आणि गूळ, एवढीच तिची विद्या. तेवढ्यावर चाळीतली पोरं तिच्या धाकात राहत.

त्या शनिवारी कानबाईची तयारी म्हणून बायका घरीच होत्या. पोरं बाहेर ओट्यांवर मोकळी सुटली होती आणि हसत होती. पोरांच्या हसण्याकडे धुरपदाबाई एरवी लक्ष देत नसे. पण आज तिचा हात सुपातच थांबला. पोरं हसतात तेव्हा मधे मधे बोलतात, ओरडतात, एकमेकांना ढकलतात. इथं बोलणं नव्हतंच. जरा वेळ चिडीचूप, मग एकदम हसण्याचा लोंढा. पुन्हा चिडीचूप, पुन्हा लोंढा. ती उठून दाराशी आली.

चाळीच्या टोकाच्या खोलीत निंबा राहायचा. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. गेली वीस वर्षं तो साच्यांवर कापड विणत होता. सुरतेत मागाला साचा म्हणतात आणि साच्यांच्या कारखान्याला खातं. त्या खात्यात साचे असे धडधडतात की शेजारी उभ्या माणसाचा आवाज कानापर्यंत पोचतच नाही. निंबाचे कान त्या धडधडीनं हळूहळू खाऊन टाकले होते. समोर बसून मोठ्यानं बोललं तर ऐकू येई, नाहीतर नाही. रातपाळी करून आला की दुपारी तो ओट्यावर बसे आणि कुडत्याच्या खिशातून रंगीत सुताचे गुंते काढून पोरांना देई. पोरी त्याचे बाहुल्यांचे केस करत, पोरगे भोवऱ्याला गुंडाळत. तेवढ्या वेळात पोरांशी जे काय बोलणं होई, तेच त्याचं दिवसभराचं बोलणं.

आता त्याच्यासमोर पोरांचं कडं पडलं होतं आणि कड्याच्या मधोमध उभी होती शकू, धुरपदाबाईची नऊ वर्षांची लेक. ती निंबाशी बोलत होती. ओठ हलत होते, हात हलत होते, भुवया वरखाली होत होत्या. आवाज मात्र काढत नव्हती. निंबा पुढं वाकला, कानात बोट घालून त्यानं ते जोरजोरानं हलवलं आणि म्हणाला, “मोठ्यानं बोल ना पोरी. माले काहीच ऐकू येत नही.”

शकूनं मोठ्ठा आ वासला. मानेच्या शिरा ताणल्या, मुठी आवळल्या, बेंबीच्या देठापासून ओरडत असल्यासारखी वाकली. तोंडातून चकार शब्द नाही. तिच्या शेजारी मंगलाबाईचा चंदू उभा होता, त्यानंही तेच केलं. निंबाचा चेहरा उतरत गेला. त्यानं मान हलवली, तो उठला आणि भिंतीला हात लावत आत गेला. तो वळला तसा हसण्याचा लोंढा आला.

ही विद्या पोरांना कोणी शिकवली नव्हती. त्यांच्या बापांची ती रोजची रीत. खात्यात आवाज चालत नाही, म्हणून कारागीर ओठांनी आणि बोटांनी बोलतात. अंगठा फिरवला की धागा तुटला. छातीवर मूठ ठेवली की शेठ आला, नाहीतर साच्यांवर देखरेख करणारा मास्तर. घरी आले तरी सवय जात नाही. धुरपदाबाईचा नवरा छगन जेवताना चटणीसुद्धा नुसत्या ओठांनी मागे आणि शकू खदाखदा हसे. पोरांनी अक्षरं गिरवायच्या आधी ही भाषा उचलली होती. निंबालाही ती येत होती, पण हे ओठ कशाचेच नव्हते, नुसतं तोंड वेडंवाकडं करणं होतं.

आता धुरपदाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. निंबा मागच्या दोन रातपाळ्यांना गेला नव्हता. “बरं नाही का भाऊ?” असं तिनं काल पाणी भरताना चालता चालता विचारलं होतं. तो घागर उचलत होता, त्यानं वर पाहिलंच नव्हतं. तिला वाटलं, नसेल बोलायचं. कान पुरतेच गेले असं समजून तो बसला होता, हे आता कळलं.

गव्हांचं सोवळं, तोंडाचं सोवळं, सगळं तिथंच राहिलं. ती ओट्यावरून उतरली आणि शकूच्या गालावर अशी चापट बसली की चंदू मागच्या मागं पळाला.

“किती दिवस चाललंय हे?”

शकू रडली नाही. गाल धरून आईकडं बघत राहिली. मग तिचे ओठ हलले. आवाज नाही. आईलासुद्धा तेच!

दुसरी चापट बसणारच होती, पण मंगलाबाईनं हात धरला. “जाऊ दे ना व माय, पोरंच शेतस ती. हसतीनच.”

“तुझा चंदू माझ्या पोरीहून दोन बोटं पुढं होता, ते दिसलं मला.”

“मग? खेळ आहे तो. तुझा नवरा रोज तेच करतो. पोरांनी बापाचं बघून केलं तर काय आभाळ कोसळलं? उद्या कानबाई बसेल आणि तू आज चाळ डोक्यावर घेतेस.”

“हो, घेते. उद्या देवीपुढं हळदकुंकू वाहायचं आणि आज तिच्या लेकराला वेडं करायचं, असं मला जमत नाही.”

“पन्नाशीचा माणूस लेकरू?” मंगलाबाई हसली. कडेच्या दोघी-तिघीही हसल्या. धुरपदाबाईला त्या हसण्याचा पोरांच्या हसण्यापेक्षा जास्त राग आला. खात्यात कान कसे जातात, हे पोरांना निदान माहीत नव्हतं. या बायांचे नवरेही त्याच खात्यात होते.

ती निंबाच्या खोलीत गेली. तो वळकटी बांधत होता. दोरी दोनदा गुंडाळून झाली होती. ट्रंक दाराशी होती. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “कुठं निघालात भाऊ?”

त्यानं झटकन वर पाहिलं. तोंड उघडंच राहिलं. “तुमचं ऐकू आलं,” तो म्हणाला.

“येणारच. कान तुमचे अधू आहेत, गेलेले नाहीत. पोरं आवाज गाळून बोलत होती. थट्टा करत होती तुमची. माझी कार्टीच पुढं होती.”

धुरपदाबाईला वाटलं होतं, तो सुस्कारा टाकेल, हसेल, पोरांना दोन शिव्या देईल. तो वळकटीवर खाली बसला. “मी म्हटलं, भांडं पडनं ते ऐकू येस, कावळा वरडना ते ऐकू येस, मानूसनं बोलनंच येत नही. तेवढंच गेलं. तीन-चार दिवस देवाला विचारत होतो, सगळं ठेवून तेवढंच का रे नेलंस? तर हे होतं.” मग तो म्हणाला, “कान गेले असते तर बरं झालं असतं बाई.”

“मग आता जाऊ नका.”

“आता तर जातोच. संध्याकाळच्या गाडीनं. भावाकडं राहीन.”

भाऊ कसला होता ते साऱ्या चाळीला ठाऊक होतं. दोन वर्षांमागं निंबा गावी गेला, तेव्हा भावजयीनं ताट गोठ्यात वाढलं होतं. आणि इथं दोन रात्रींचा खाडा एक वेळ चाले, पण साचा एकदा सोडला की शेठ दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा माणूस उभा करी. अधू कानाच्या माणसाला पुन्हा कोण ठेवणार?

धुरपदाबाई बाहेर आली, शकूचं बखोट धरलं आणि तिला ओढत निंबाच्या दारात उभं केलं. “सांग. चुकलं म्हण.”

“चुकलं,” शकू म्हणाली. पाढ्यातलं बे एके बे म्हणावं तसं.

“मोठ्यानं.”

“चुकलं, निंबाआप्पा.”

निंबा भिंतीकडं बघत होता. त्याला ऐकू आलं होतं, पण त्यानं मान वळवली नाही. “ने तिला,” एवढंच म्हणाला.

परत येताना धुरपदाबाईच्या अंगाची आग होत होती. पोरीला मारलं, पोरीकडून शब्द वदवून घेतला, आणि हातात काय आलं? चापटीनं तोंडातून शब्द निघतो, आतून काही निघत नाही, हे तिला त्या दहा-वीस पावलांत चांगलंच कळलं आणि म्हणून ती आणखीच चिडली. हातात गूळ असता तर फेकून दिला असता. ही पोरगी उद्या मोठी होणार, सासरी जाणार. कुठल्या म्हाताऱ्या सासऱ्यापुढं असेच ओठ हलवणार आणि हसणार? दिवा लावायला शिकवलं, रांगोळी काढायला शिकवलं, आणि समोरच्या माणसाचं तोंड उतरलेलं दिसू नये?

घरात छगन उठला होता. रातपाळीचा माणूस, दुपारीच त्याची सकाळ. धुरपदाबाईनं त्याच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं. तो पोरीकडं पाहून हसला.

“पोरगी हुशार आहे. हिला तर खात्यातच लावली पाहिजे. मास्तरलासुद्धा फिरवील.”

“हसा! बाप हसतो म्हणूनच पोर हसते.”

“शकूनी माय, तुले काय व्हयनं? निंबा एक वेडा, तू दुसरी. पोरांच्या खेळावर कोणी गाव सोडतं का?” असं म्हणत तो तांब्या घेऊन मोरीत तोंड धुवायला बसला, भिंतीकडं तोंड करून.

बापानं बाजू घेतली तशी शकूला धीर आला. ती उंबऱ्याशी येऊन म्हणाली, “दादा, मायनं मला सगळ्यांसमोर मारलं.”

छगन चुळा भरत होता.

“दादा!”

तो दात घासू लागला. शकूनं आईकडं पाहिलं आणि तिला हसू फुटलं. तिला वाटलं, बापही तोच खेळ खेळतोय. “दादा, नाटक नका करू ना.” मग आणखी मोठ्यानं, “दादा!” मग एकदम किंचाळून, “ओ दादा!”

शेजारच्या खोलीतून कोणीतरी “काय गं?” म्हणून विचारलं. छगननं तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि सावकाश पुसलं.

शकूच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळत गेलं. ती पुढं गेली आणि तिनं त्याच्या पाठीला बोट लावलं. तो असा दचकला की तांब्या मोरीत घरंगळला.

“अगं! कधी आलीस? हाक तरी मारायची!”

“मारली,” शकू म्हणाली.

“केव्हा?”

छगननं आधी शकूकडं, मग बायकोकडं पाहिलं आणि त्याला समजलं. तो ओशाळला नाही, भडकला. “रातभर साच्यापाशी उभं राहून या मग! तास-दोन तास कान भणभणतात, सगळ्यांचेच भणभणतात! मास्तरच्या कानावर यातलं काही गेलं ना, तर बघा. कोणापाशी बोलायचं नाही.”

धुरपदाबाईलाही हे नवीन होतं. कधीपासून? ती मागून बोलायची आणि तो उत्तर द्यायचा नाही, तेव्हा ती त्याला घुम्या म्हणायची, भांडायची. तिला निंबाचा राग आला नाही, पोरीचा आला नाही. आला तो त्या शेठचा, ज्याला कापडाचा ताका मोजून लागतो आणि कोणाचे कान गेले ते मोजायला कोणी लागत नाही. पण शेठ होता बंगल्यात, आणि समोर होती पोरगी.

“हस ना आता,” ती शकूला म्हणाली. “का गं? चंदूला बोलाव, सगळ्यांना बोलाव. म्हणावं, आमच्या घरीच आहे एक, लांब कशाला जाता. उभे राहा कडं करून.”

चापटीनं न रडलेली पोर भोकाड पसरून रडली. धुरपदाबाईनं तिला जवळ घेतलं नाही, गुळाच्या डब्याकडं हात नेला नाही. “पाषाण आहे बाई,” असं मंगलाबाई पुढं कितीतरी दिवस सांगत होती. असेल. पण त्या घडीला पोरीला गप्प करणं म्हणजे तिच्या हातात आलेलं काढून घेणं, असं धुरपदाबाईला वाटलं. ती सुपापाशी बसली आणि गहू निवडू लागली. खडा कुठला, गहू कुठला, काही दिसत नव्हतं.

रडं थांबल्यावर शकूनं फ्रॉकनं नाक पुसलं आणि कोणाला न विचारता बाहेर पडली. धुरपदाबाईनं जरा वाट पाहिली. मग राहवेना, म्हणून ती मागोमाग गेली आणि निंबाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली.

शकू आत जाऊन निंबाच्या वळकटीवर बसली होती. निंबानं ट्रंकेला कुलूप लावलं आणि वळून पाहिलं.

“ऊठ. मला निघायचंय.”

“नाही उठणार.”

निंबानं कानामागं हात धरला. खरंच ऐकू आलं नव्हतं, की त्याला पुन्हा एकदा बघायचं होतं, देव जाणे. “काय म्हणालीस? मोठ्यानं बोल.”

“नाही उठणार!” शकू ओरडली. आख्ख्या चाळीला ऐकू गेलं. समोरच्या ओट्यावरचा चंदू उठून उभा राहिला.

“आलं ऐकू,” निंबा म्हणाला. “का नाही उठणार?”

मग शकू उठली, त्याच्या अगदी समोर गेली आणि तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करून बोलली. “आमच्या दादांना मागून ऐकू येत नाही. मी चार हाका मारल्या. मला भीती वाटली. तुम्हाला पण वाटली होती का?”

घरातलं गुपित पोरीनं भर दुपारी फोडलं होतं. धुरपदाबाई पुढं झेपावणार होती, पण निंबाचं बोलणं ऐकून ती जागीच थांबली.

“माहीत आहे मला, पोरी. दिवाळीपासून माहीत आहे. तुझ्या दादाकडं दोन साचे. एकावर वाकला की दुसरा साचा त्याच्या पाठीमागं येतो. त्यातला बिघाड त्याला कळत नाही. मी शेजारी असतो, मी बघतो आणि त्याच्या खांद्याला हात लावतो. मास्तरला अजून पत्ता नाही.” मग तो म्हणाला, “आणि वाटली. लई भीती वाटली.”

“मग तुम्ही गेल्यावर दादांच्या खांद्याला कोण हात लावेल?”

शकू परत जाऊन वळकटीवर बसली, मांडी घालून, या घरातून आता मला कोण उठवतं ते बघते, अशी. तेवढ्यात चंदू दारात आला, खेळ चालू आहे असं समजून. त्यानं निंबाकडं पाहून ओठ हलवले. शकूनं बसल्या जागेवरून त्याच्या पोटरीला चिमटा काढला. “आवाज काढ!” ती म्हणाली. “आवाज काढून बोल, नाहीतर बोलू नको.” सूर थेट तापीचा होता. चंदूनं “काय करताय?” असं कसंबसं विचारलं, आणि निंबा म्हणाला, “बसलोय बाबा. ही उठू देईना.”

धुरपदाबाई घरी परतली तेव्हा छगन बंडी घालत होता. ती त्याच्या समोर उभी राहिली, अगदी तोंडापाशी, आणि तिनं एकही शब्द वाया जाऊ दिला नाही.

“दिवाळीपासून तो माणूस तुमची पाठ राखतो. ठाऊक होतं ना तुम्हाला? खांद्यावर कोणाचा हात पडतो, ते न कळायला तुम्ही काही दूधपिते नाही. आणि त्याच्यावर हसलात. पोरीला हुशार म्हणालात. आज रातपाळीला त्याला सोबत घेऊन जायचं. त्यानं नाही म्हटलं तर पाया पडायचं. नाहीतर उद्या कानबाईपुढं माझ्या शेजारी उभं राहायचं नाही.”

छगननं मान खाली घातली. “मान खाली घालू नका,” ती म्हणाली. “खाली बघितलंत तर माझं बोलणं कसं दिसणार तुम्हाला?” त्यावर तो घरातून जो निघाला, तो थेट टोकाच्या खोलीकडंच गेला. तिथं काय बोलणं झालं ते धुरपदाबाईनं विचारलं नाही. शकू तेवढी परत आली आणि म्हणाली, “वळकटी सोडली. दादांनीच दोरी सोडली. पण माझ्याशी आप्पा अजून नीट बोलत नाहीत.”

“नाहीच बोलणार. तू काय केलंस ते एका दुपारीत पुसलं जाईल, असं वाटलं का?”

शकूनं मान हलवली आणि सुपाशी येऊन बसली. मायलेकींनी मिळून उरलेले गहू निवडले. मग धुरपदाबाई रोटांसाठी गहू मोजू लागली. घरच्या दर पुरुषामागं सव्वा मूठ, अशी रीत. छगनच्या नावानं घातले, सासऱ्यांच्या नावानं घातले, गावाकडच्या दोन्ही दिरांच्या नावानं घातले. आणि मग तिनं पुन्हा मूठ भरली. मंगलाबाई दारातून बघत होती.

“ही कोणाची गं?”

“निंबाभाऊंची.”

“रोट भाऊबंदांचे असतात, धुरपदा. परक्याच्या नावानं मूठ घालतात का? देवी कोपेल.”

“माझ्या नवऱ्याची पाठ कोण राखतं, ते देवीला दिसतं. कोपायचंच असेल तर तिनं आज दुपारी जे हसले त्यांच्यावर कोपावं. मी त्यांची नावं तिला सांगणार आहे.”

मंगलाबाई झटकन आत गेली. धुरपदाबाईचा राग अजून उतरला नव्हता. तिनं गहू पाटीत भरले आणि वर ओलं फडकं घातलं. चक्कीवाल्यानं दुपारनंतर चक्की धुऊन कानबाईच्या दळणासाठी वेगळी ठेवली होती आणि दिवेलागणीला तो ती बंद करणार होता. तिनं पाटी डोक्यावर घेतली, शकूला म्हणाली, “चूल पेटवून ठेव,” आणि रोटांचे गहू दळून आणायला चक्कीवर निघाली.